मामाला समोर बसवून

परवा अक्काच्या शेतात सीतादही झाली. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी बायका पऱ्हाटीच्या एका चांगल्या झाडापाशी बसतात, त्याला हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावतात. मी दरवर्षी न चुकता जातो. शेत माझं नाही, वेचणं मला जमत नाही, पूजेत पुरुषमाणसाला काही काम नसतं. पण दहीभात नेहमी थोडा उरतो, आणि तो वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ऊन अजून कोवळं होतं. दवानं भिजलेला कापूस वेचत नाहीत, म्हणून बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ऊन चढायची वाट बघत होत्या. उमललेल्या बोंडांनी शेत असं दिसत होतं, की कुणीतरी रागानं घरातल्या सगळ्या उशा फोडून टाकल्यात. वाळत चाललेल्या पऱ्हाटीला एक वास असतो. थोडा मातीचा, थोडा फवारणीचा, आणि थोडा उन्हात तापलेल्या गोधडीचा. तो वास नाकात गेला आणि मला मागचा हंगाम आठवला. मागच्या साली कापूस कसा झाला होता ते मला विचारू नका, ते अक्का सांगेल. मला तो हंगाम आठवतो एका वहीमुळे. साधी दोनशे पानी वही होती, आणि तिच्यात एक रकाना होता. त्या रकान्यानं मला दोन दिवस धड जेवू दिलं नाही.

वही वैशालीची. वैशाली म्हणजे अक्काची पोरगी, माझी भाची. तिची शाळा तेलुगूत झाली, कॉलेज इंग्रजीत झालं आणि भांडणं सगळी मराठीत. हैदराबादला नोकरी करते. मागच्या दिवाळीला आली ती महिनाभर घरूनच काम करायचं असं ठरवून. पण अक्काचं गाव बाजारहत्नूरच्याही आत, तिथं फोनला आवाज मिळतो तो चिंचेच्या झाडाखाली, आणि चिंचेखाली आधीच सगळं गाव उभं असतं. म्हणून ती रोज सकाळी इचोड्याला माझ्याकडे यायची. माझं किराणा दुकान हमरस्त्यावर आहे. मागच्या खोलीत तांदूळ, पोहे आणि ज्वारीची पोती लावलेली असतात. त्या पोत्यांच्या मधे खुर्ची टाकून ती ऑफिसचं काम उरकायची, आणि काम झालं की वही काढायची.

"मामा, मी पॉडकास्ट काढून राह्यली," पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं. "आपल्या इकडच्या गोष्टी, आपल्या बोलीत. लोक फोनवर ऐकतीन."

"रेडिओसारखं?"

"रेडिओ आपल्या वेळेवर लागते. हे माणूस पायजे तवा लावते, पायजे तवा बंद करते."

"म्हंजे तुया मामासारखं नाही," आमची सुमन साखर तोलता तोलता म्हणाली. "यायले बंद करता येत नाही."

सुमन माझी बायको. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही, कारण त्या दिवशी मी फार आनंदात होतो. गोष्टींचा पॉडकास्ट निघतोय आणि तो माझ्या दुकानात निघतोय, याचा अर्थ लावायला मला काही शिक्षण लागत नव्हतं. आमच्या नात्यागोत्यात गोष्ट म्हटली की गणूमामा. लग्नात वऱ्हाड उशिरा आलं, की मांडवातून कुणीतरी ओरडतं, "गणूमामाले बसवा मधात." मी बसतो. वऱ्हाड येतं, नवरदेव घोड्यावरून उतरतो, आणि तरी पाहुणे म्हणतात, थांबा, अस्वलाचं काय झालं ते होऊ द्या. एका नवरदेवाच्या बापाला तर माझा रागही आला होता. असा माणूस घरात असताना पोरगी बाहेर कुठं जाणार?

तिनं समजावून सांगितलं, की पहिले तीन भाग नीट बसले पाहिजेत. पहिल्या भागाच्या पहिल्या दोन मिनिटांत ऐकणारा ठरवतो, राहायचं की उतरायचं. हे मला लगेच कळलं. इचोड्याच्या स्टँडवर बस थांबते, निम्मे लोक चहाला उतरतात, त्यांना परत बसमधे घालणं हीच कंडक्टरची खरी कला. मी त्याच रात्री जेवण झाल्याबरोबर बसलो आणि तीन कशाला, बारा भागांची यादी करून टाकली. भाग एक, गणूमामा आणि अस्वल. भाग दोन, गणूमामा आणि गिरदावराची घोडी. भाग तीन, गणूमामा आणि कापसाच्या गंजीत हरवलेली नवरी. भाग चारपासून माझं बालपण सुरू होत होतं.

वैशालीनं यादी वाचली. चष्मा वर केला. "मामा, हा पॉडकास्ट हाय का तुमची निवडणूक?"

मी हसलो. निवडणुकीत उभा राहिलेला माणूस पहिल्या दिवशी हसतोच.

मग तिनं माझा आवाज घेऊन बघायचं ठरवलं. पोत्यांमुळे खोलीत आवाज घुमत नाही, हे तिला फार आवडलं होतं. बोटाएवढा माइक माझ्या शर्टाला लावला आणि म्हणाली, हं, अस्वलाची सांगा, नेहमीसारखी. आता गंमत बघा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शे-दीडशे मांडव गाजवलेला, त्या बोटाएवढ्या यंत्रापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "श्रोतेहो, ही त्या काळची घटना आहे, जेव्हा मी अत्यंत लहान होतो." अत्यंत. हा शब्द मी जन्मात वापरला नव्हता. पुढं ती रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी बसून ऐकली. माझा आवाज स्टँडवरच्या भोंग्यासारखा येत होता, आणि प्रत्येक विनोदाच्या आधी मी स्वतःच हसत होतो, म्हणजे ऐकणाऱ्याला तयारीला वेळ मिळावा.

सुमन म्हणाली, "माइक पाह्यला का हे एकदम पुण्याचे झाले."

ते चाललं असतं. बोली परत आणता आली असती. खरी अडचण वहीत होती.

वैशालीनं प्रत्येक गोष्टीसाठी एक पान केलं होतं. पानावर रकाने. गोष्टीचं नाव, किती मिनिटं, कोणते आवाज लागतील, आणि शेवटी एक, 'कोणाकडून ऐकली'. ती म्हणाली, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हे सांगायचं. गोष्ट कुठून आली, कुणाच्या तोंडून आली. नुसतं 'आमच्याकडे म्हणतात' असं नको, माणसाचं नाव पाहिजे.

"गिरदावराच्या घोडीची?" तिनं पेन उघडलं.

"ते तर माझ्यासोबतच झालं ना," मी म्हणालो. गिरदावर म्हणजे जमिनीची तपासणी करायला घोडीवरून गावोगाव फिरणारा निजामाचा अंमलदार. त्याची घोडी मोजणीचे कागद खाते आणि सगळं गाव एक वर्ष आनंदात राहतं, अशी ती गोष्ट.

"मामा, निजाम गेला तवा तुमच्या बापाचं लगन बी झालं नव्हतं."

मांडवात हा हिशेब आजवर कुणी केला नव्हता. मी म्हणालो, बरं, गावातलीच समज. चालतच आली. तिनं काही लिहिलं नाही. मग नवरीची विचारली. तीही चालतच आली. मग अस्वल. अस्वल तर नक्की माझं होतं. मोहाची फुलं वेचायला भल्या पहाटे मी जंगलात गेलो, समोर अस्वल आलं, मी काठी उगारली, अस्वल पळालं. चाळीस वर्षं हीच काठी मी उगारत आलोय.

वैशालीनं पेन बंद केलं आणि हळूच म्हणाली, "ते मले मायनं सांगितली होती, लहानपणी. तिच्यात अस्वलासमोर एक बाई हाय, लेकरू पाठीले बांधलेली. तुमी तिच्यात कवा शिरले?"

मी कधी शिरलो ते मला नक्की आठवतं. चुलतभावाच्या लग्नात, सतरा-अठरा वर्षांचा होतो. बाई म्हणालो असतो तर ऐकणाऱ्यांनी ऐकलं असतं. 'मी' म्हणालो तर सगळे पुढं सरकून बसले. त्या दिवशी ती बाई आणि तिचं लेकरू मी गोष्टीतून बाहेर काढलं आणि आत जाऊन बसलो. घोडीच्या गोष्टीतही असंच. नवरीच्याही. तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडून ऐकलेल्या. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या बहिणीकडून.

"हा रकाना रिकामा ठेवू का, मामा?" पोरीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढचे दोन दिवस मी दुकानात फार काम केलं. पोती या भिंतीची त्या भिंतीला लावली. मनात एकच भांडण चालू होतं. गोष्ट काय कुणाच्या नावावर असते? कुठल्या पहाणीत, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यात, तिची नोंद आहे? आणि असली तरी चाळीस वर्षं कब्जा माझा. आमच्या जिल्ह्यात एवढ्या कब्ज्यावर माणसं जमिनीचा पट्टा, म्हणजे मालकी, मागायला जातात. ती गोष्ट मी कसली, मी नांगरली, मांडवा-मांडवात पेरली, हसू काढलं. पहिला भाग माझ्या हातून गेला तर उद्या कुठल्या लग्नात मी कुठल्या तोंडानं मधे बसू?

हे सगळं मी अखेर सुमनसमोर बोललो. ती तूर निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही.

"पहाणीत पट्टेदाराचा रकाना येगळा राह्यते आन् कब्जेदाराचा येगळा," ती म्हणाली. "तुमचं नाव दुसऱ्यात लिवा. कोन नाई म्हणते?"

मी उठलो, मागच्या खोलीत गेलो, वैशालीच्या हातून पेन घेतलं आणि तिन्ही पानांवर माझ्या हातानं लिहिलं, शेवंता. अक्काचं नाव मी त्याआधी कधी कागदावर लिहिलं नव्हतं, लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा नवऱ्याच्या नावानं जातं. वळण जरा वाकडं आलं. मग म्हणालो, पहिला भाग मी सांगत नाही, तिलाच सांगू दे.  वैशालीनं यादीवरचं पहिलं नाव खोडलं, पण अगदी हलक्या रेघेनं, खालचं वाचता येईल असं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अक्काकडे गेलो. अक्का ओसरीवर बसून कापसातली कवडी, म्हणजे डागी कापूस, निवडत होती. तिच्या बोटांना बोंडांची वाळकी टोकं लागून बारीक चिरा पडलेल्या असतात, हंगामभर त्या भरत नाहीत. तिला खोटं वाटू नये म्हणून मी सरळच बोललो.

"अक्का, वैशूनं पहिला भाग तुया ठेवला. अस्वलाची गोष्ट सांगायची हाय."

"ते तर तुयी हाय," अक्का म्हणाली.

वाटेत मी सगळ्या उत्तरांची तयारी केली होती, हे सोडून. "नाही, अक्का. तुयीच हाय. मीच उचलली."

"मले माहीत हाय ना. तू मांडवात सांगत राहे, आमाले मागं चुलीपाशी ऐकू ये. लोक हसले का आमी समजो, अस्वल आलं."

"मंग तू कवा बोलली काऊन नाही?"

"पोया लाटून राह्यली होती," अक्का म्हणाली.

 मी कवडी निवडायला बसलो. पाच मिनिटांत तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली, कारण मी चांगला कापूसही डाग्यात टाकत होतो.

गोष्ट सांगायला ती तयार झाली. पण दिवसा नाही. वैशालीला मात्र ती दिवसाच पाहिजे होती. संध्याकाळी गावात गिरणी चालते, घरोघरी टीव्ही लागतात, शेळ्या परततात. आणि तिला वेचणीचा आवाज हवा होता, बोंडातून कापूस निघतानाचा, पानं चुरडतानाचा. तो शेतातच मिळतो आणि उन्हातच मिळतो.

"दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकते," अक्का म्हणाली. "तुया मामा रोज गाडीवर त्या जंगलातल्या रस्त्यानं येते-जाते. मी नाई सांगत."

"माय, मामाच्या फोनमधे नकाशा हाय."

"किसनमामाच्या टोपीले बी दिवा होता," अक्का म्हणाली. वैशालीला ते कळलं नाही. तिनं किसनमामाला पाहिलेलं नाही.

किसनमामा म्हणजे आमच्या आईचा भाऊ. बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होता. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, हे सगळीकडेच म्हणतात, आणि सगळीकडची पोरं ते हसण्यावारी नेतात. आमच्या घरी कुणी नेत नसे. आमचा मामा रोज जमिनीच्या पोटात उतरत होता. तिथं वाट चुकणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण आई दिवसा साधी 'एक होता राजा' म्हणू द्यायची नाही. शेतात दिवसभर अक्काच्या जिभेवर गोष्टी यायच्या आणि ती गिळायची. वेचता वेचता बाकीच्या बायका म्हणायच्या, "शेवंते, सांग ना व एखादी, ओळ लवकर सरन." ती म्हणायची, "मामा खाली हाय." झालं, पुढं कुणी आग्रह करत नसे. दिवेलागण झाली, की घरात वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगावर ती बसायची, मी तिच्या मांडीला टेकायचो, आणि दिवसभर अडवलेली गोष्ट सुटायची. गरम कापूस. हो, वेचून आणलेला कापूस संध्याकाळीसुद्धा आतून गरम असतो. त्यात कंबरेपर्यंत बुडालं, की झोप कुठून येते ते कळत नाही.

आणि मग वेचणीच्या ऐन दिवसांत कधीतरी मामा सुट्टीवर यायचा. दोन बस बदलून, पायात खाणीतले जड बूट, हातात जिलबीचा पुडा. कितीही आंघोळ केली तरी त्याच्या पापण्यांच्या मुळाशी कोळशाची बारीक रेघ राहायची, काजळ घातल्यासारखी. शेतातल्या बायका त्याला चिडवायच्या, "किसनदादा, आज कोणाच्या लग्नाले?" तो लाजायचा आणि धुऱ्यावर बसायचा. मग अक्का मान वर करून बघायची, मामा समोर आहे, पक्का बसलेला आहे, आणि भर दुपारच्या उन्हात गोष्ट सुरू करायची. मामा डोळ्यांसमोर असला की नियम लागत नाही. बायका वेचत पुढं सरकायच्या, तसा मामालाही पुढं सरकून बसावं लागे. बिचारा सुट्टीवर आलेला माणूस, त्याला एका जागी नीट बसूही देत नसत. चार दिवस हे चाले. चौथ्या दिवशी मामा बसमधे बसला, की गोष्ट जिथं असेल तिथं थांबायची.

अठ्ठावीस वर्षं तो खाली उतरला आणि अठ्ठावीस वर्षं वर आला. निवृत्त होऊन, म्हातारा होऊन, घरच्या खाटेवर गेला. अक्का हे कुणापुढं बोलत नाही, पण मला माहीत आहे, त्या श्रेयाचा काही वाटा ती स्वतःकडे ठेवते. मीही तो तिच्याकडेच ठेवतो.

हे सगळं मी वैशालीला सांगितलं. ती वही मिटून ऐकत होती. मग आईकडे वळली. "माय, मामा समोर असला का चालते ना?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. "याले बसता येईन का?"

तिचा प्रश्न बरोबर होता. गोष्ट चालू असताना मी गप्प बसलोय, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तर असा माझा पॉडकास्टातला प्रवेश झाला. दोन दिवसांनी, दव वाळल्यावर, अक्का आणि तिच्या जोडीच्या दोन बायका ओट्या बांधून ओळीत शिरल्या. वैशालीनं अक्काच्या पदराला माइक लावला. मी अक्काच्या समोर. आता धुऱ्यावरून तिला मी नीट दिसेना, तिची नजर आता अधू झाली आहे, म्हणून मला ओळीतच उभं केलं. त्या पुढं येणार, तर मी मागं सरणार. पहिल्याच मिनिटाला वैशालीनं हात वर केला. माझ्या चपलेखाली वाळकी पानं कडकड वाजत होती. चपला काढा म्हणाली. काढल्या. मग अनवाणी, उलट्या पावलांनी, तोंडातून अक्षर न काढता, पऱ्हाटीच्या ओळीतून मी मागं मागं जाऊ लागलो. पहिल्या भागात मधेच कुठंतरी 'स्स' असा आवाज येतो. लोकांना वाटतं साप. तो मी आहे, गोखरूचा काटा रुतला होता.

थोडं सांगून अक्का थांबली. म्हणाली, "कोणी हूं म्हणत नाई, मी काय पऱ्हाटीले सांगू?" वैशालीनं माझ्याकडे बोट केलं. म्हणजे मला एक अक्षर मिळालं. हूं. मी ते फार जपून वापरलं.

अक्काच्या गोष्टीत बाई होती, पाठीला लेकरू होतं, पहाटेचा अंधार होता आणि झाडाखाली पडलेली मोहाची फुलं. अस्वल आलं. माझ्या गोष्टीत इथं काठी येते. अक्काच्या गोष्टीत काठीच नव्हती. बाईनं वेचलेल्या फुलांच्या दोन राशी केल्या. म्हणाली, ही तुयी, ही मायी. तुयी बी लेकरं असतीन. अस्वल बसलं, आपली रास खाल्ली, निघून गेलं. मी म्हणालो, हूं. आणि मला वाटलं, संपली.

अक्का वेचतच होती. तिची बोटं बोंडात जात होती, कापूस ओटीत पडत होता, आणि ती सांगत होती, की दुसऱ्या दिवशी बाई आली, तर अस्वल नाही. तरी तिनं दोन राशी केल्या. एक ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी ती रास तशीच. तिनं शिळी उचलून ताजी ठेवली. मोह संपेस्तोवर रोज. सगळे म्हणत, येडी हाय, अस्वल मेलं असन. ती म्हणे, मेलं असन तर असू द्या. वाटा त्याचा हाय.

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं जी गोष्ट मी सांगत आलो तिचा शेवट मला माहीत नव्हता, कारण त्या गरम कापसात मी दर वेळी अस्वल आल्याआल्याच झोपलो होतो. पुढचं सापडेना म्हणून मी काठी घातली. सहा वर्षांच्या पोराच्या झोपेपाशी तुटलेली गोष्ट घेऊन मी एवढे मांडव फिरलो, आणि अक्का पलीकडे चुलीपाशी ती काठी ऐकत राहिली, दर वेळी.

अक्का थांबली. हूंची वाट बघत होती. माझ्याकडून तो आलाच नाही.  बराच वेळ नुसता कापूस निघण्याचा आवाज आणि लांब कुठंतरी एक बैलगाडी. मग अक्काच म्हणाली, "झोपला का रे गणू?" मी म्हणालो, "नाही अक्का. जागा हाय."

वैशालीनं ते काढून टाकलं नाही. मी दोनदा सांगितलं, तेवढं काप. ती म्हणाली, "मामा, पहिल्या भागात तेवढंच तर तुमचं हाय."

संक्रांतीला तो भाग लागला. नंतर नवरी आली, मग घोडी, तीही अक्काच्याच तोंडून. चौथा भाग मला मिळाला आहे, त्यात मी किसनमामाची गोष्ट सांगतो, अत्यंत न म्हणता. यंदा आमच्या भागात वेचणाऱ्या बायका फोन धुऱ्यावर ठेवून अक्काला ऐकतात. आधी आपापल्या मामाला फोन लावतात म्हणे, कुठं हाय, घरीच हाय ना, मग थोडा येळ कुठं जाऊ नका. मलाही दुसऱ्या भाच्यांचे असे फोन येतात. मी दुकानात असलो की गल्ल्यावरून उठत नाही, गिऱ्हाईक स्वतःच साखर घेतं. परवा सीतादहीच्या वेळी दोन अनोळखी बायका शेजारच्या गावाहून अक्काला बघायला आल्या होत्या. तिच्या पायाशी वाकल्या. अक्का लाजून म्हणाली, "दहीभात घ्या व बाई." मी सगळ्यांना वाढत होतो. यंदा उरला नाही.

काल दुकानावर यवतमाळकडचा एक ट्रकवाला थांबला. बिस्किटांचे पुडे घेतले, पाणी प्यायला, आणि माझ्याकडे निरखून बघत राहिला. मी काहीतरी विचारलं, त्याला उत्तर देताना तो अडखळला.

"तुमचा आवाज कुठंतरी ऐकला," तो म्हणाला. "अस्वलाच्या गोष्टीत ते हूं करते, ते तुमीच का?"

"हो," मी म्हणालो. "आन् ते सांगते ना, ते माझी सख्खी मोठी बहीण हाय. शेवंता. इथून पाऊण तासावर तिचं गाव हाय."

एवढं सगळं त्यानं विचारलं नव्हतं. मी वाटेत दोन ठिकाणी कुठं वळायचं तेही सांगितलं.